विस्तारित टेफ्लॉन

विस्तारित टेफ्लॉन हे पॉलिटेट्राफ्लुरोइथिलीन या बहुवारिकाचे (पॉलिमरचे) ताणून सच्छिद्र केलेले रूप होय. कृत्रिम रक्तवाहिन्या तयार करण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

इतिहास

टेफ्लॉनचा शोध रॉय प्लंकेट यांना १९३८ साली अमेरिकेत लागला. १९६९ मध्ये रॉबर्ट गोर यांनी तापवलेली टेफ्लॉनची कांडी झटक्याने ओढली, तेव्हा ती न तुटता सुमारे दहापट लांबली. १९७० च्या दशकात या पदार्थाच्या नळ्या रुग्णांमध्ये वापरात आल्या. सुरुवातीच्या काही नळ्या रक्तदाबामुळे फुगल्या. म्हणून पुढे त्यांना बाहेरून वेष्टन देण्यात आले किंवा त्यांची भिंत जाड करण्यात आली.

निर्मिती

टेफ्लॉन वितळल्यावरही सहज वाहत नाही. त्यामुळे त्याची बारीक भुकटी वंगणात कालवून दाबाने नळीच्या आकारात काढतात. वंगण उडून गेल्यावर नळी तापवून वेगाने ताणतात आणि ताणलेल्या स्थितीतच ३२७ अंश सेल्सिअसच्या वर तापवून तिची रचना स्थिर करतात. या रचनेत लहान गाठी व त्यांना जोडणारे सूक्ष्म तंतू असतात. गाठींमधील अंतर सामान्यतः सुमारे ३० मायक्रोमीटर असते. तांबडी रक्तपेशी याहून बरीच लहान असली, तरी टेफ्लॉन जलविरोधी असल्याने रक्त सहसा बाहेर झिरपत नाही.

चाचणी

सच्छिद्रता घनतेवरून काढता येते. भरीव टेफ्लॉनची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २.२ ग्रॅम असते. नमुन्याची घनता ०.६६ ग्रॅम भरल्यास त्यात ७० टक्के पोकळी असते. याशिवाय किती दाबाला भिंतीतून पाणी झिरपते, नळी किती दाबाला फुटते आणि टाका किती ओढीला भिंत फाडून निघतो, हेही मोजतात. छिद्रे वाढवल्यास ऊतींना आत शिरण्यास वाव मिळतो, परंतु भिंतीची ताकद घटते.

मर्यादा

अरुंद नळीत रक्ताची गुठळी लवकर होते; त्यामुळे गुडघ्याखालील बायपाससाठी रुग्णाची स्वतःची शीर अधिक पसंत केली जाते.

टेफ्लॉनयुक्त सच्छिद्र संमिश्र असलेले 'प्रोप्लास्ट' हे रोपण १९८० च्या दशकात जबड्याच्या सांध्यात बसवले गेले. चर्वणाच्या भाराने ते झिजले, सुटलेल्या कणांमुळे दाह झाला आणि अनेक रुग्णांचे हाड झिजले. १९९० च्या अखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याबाबत इशारा दिला. रक्तवाहिनीत निभावणारे द्रव्य सांध्यातही निभावेलच असे नाही. म्हणून प्रत्येक रोपणाची चाचणी त्याच्या नियोजित जागेवरील भार लक्षात घेऊन करावी लागते.