स्प्रूसचं झाड घरी कसं तयार करतात? बी पेरावं की फांदी लावावी?

जास्वंदीची फांदी ओल्या मातीत खोचली की काही आठवड्यांत तिला मुळं फुटतात. स्प्रूसचंही तसंच होईल, असं अनेकांना वाटतं. ख्रिसमस ट्री म्हणून आणलेल्या झाडाची फांदी मग कुंडीत लावली जाते. ती बरेच दिवस हिरवी दिसते आणि एक दिवस तिच्या सगळ्या सुया गळून पडतात. मुळं फुटलेलीच नसतात.

स्प्रूस घरी तयार करता येतो. मात्र तो कशापासून तयार करता आणि त्याला थंडी मिळते का, यावर सगळं अवलंबून असतं.

स्प्रूस म्हणजे नेमकं कोणतं झाड?

स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष आहे. त्याच्या सुमारे ३५ ते ४० जाती असून त्या सगळ्या उत्तर गोलार्धाच्या थंड भागात वाढतात. युरोपात नॉर्वे स्प्रूस, तर उत्तर अमेरिकेत पांढरा आणि निळा स्प्रूस प्रसिद्ध आहे. भारतातही पश्चिम हिमालयात स्प्रूस आहे. हिमाचल प्रदेशात त्याला 'रई' म्हणतात.

फर आणि स्प्रूस दिसायला सारखेच. ओळखायची खूण सोपी आहे. स्प्रूसची सुई चौकोनी असते, त्यामुळे ती दोन बोटांत सहज फिरवता येते. फरची सुई चपटी असते. स्प्रूसचे शंकू फांदीला खाली लोंबतात, फरचे वर उभे असतात.

बियांपासून रोप: सगळ्यात भरवशाचा मार्ग

१. शंकू गोळा करणं: सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान तपकिरी झालेले, पण अजून न उघडलेले शंकू घेतात. उघडलेल्या शंकूतलं बी बहुतेक वेळा आधीच उडून गेलेलं असतं.

२. बी काढणं: शंकू कागदी पिशवीत घालून कोरड्या, उबदार जागी ठेवतात. खवले उघडले की पिशवी हलवायची. प्रत्येक खवल्यामागे दोन बिया असतात आणि प्रत्येक बीला पातळ पंख असतो. तो हातानं चोळला की निघतो.

३. भिजवणं: बी २४ तास पाण्यात ठेवतात. तळाशी बसलेलं बी घ्यायचं. तरंगत राहिलेलं बहुतेक पोकळ निघतं.

४. थंडी देणं: ओलसर वाळूत बी मिसळून ते पिशवीत भरतात आणि ३ ते ४ आठवडे फ्रिजमध्ये, १ ते ५ अंश सेल्सिअसला ठेवतात. फ्रीझरमध्ये नाही. जंगलात हे बी ओल्या, गार जमिनीवर पडून राहतं आणि थंडी सरली की उगवतं. फ्रिजमध्ये त्याच हिवाळ्याची नक्कल होते. नॉर्वे स्प्रूसचं बी थंडीशिवायही उगवू शकतं, पण मग ते मागेपुढे उगवतं.

५. पेरणी: वाळू किंवा परलाइट मिसळलेल्या भुसभुशीत मातीत बी जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर खोल पेरतात. २० अंशांच्या आसपास तापमान असेल तर २ ते ४ आठवड्यांत कोंब दिसतो. त्याच्या टोकाला छोट्या छत्रीसारखा सुयांचा झुबका असतो.

सर्वाधिक रोपं याच टप्प्यावर दगावतात. माती सतत चिंब राहिली आणि हवा खेळती नसली की बुरशी लागते. देठ जमिनीलगत काळा पडतो आणि रोप आडवं होतं. मराठी शेतकरी याला 'मर' म्हणतात. उपाय म्हणजे नवी, स्वच्छ माती, तळाला भोकं असलेली कुंडी आणि मोजकं पाणी.

पहिल्या वर्षी रोप काही सेंटिमीटरच वाढतं. त्यात काही चुकलेलं नसतं. पहिल्या उन्हाळ्यात त्याला थोडी सावली लागते. दोन-तीन वर्षांनी ते जमिनीत लावता येतं.

फांदीला मुळं का फुटत नाहीत?

झाड जितकं जुनं, तितकी त्याच्या फांदीची मुळं धरण्याची ताकद कमी होते. सणासाठी तोडलेलं झाड अनेक वर्षांचं असतं आणि बऱ्याचदा सुकायलाही लागलेलं असतं. त्यामुळे छाट कलमासाठी चार-पाच वर्षांच्या तरुण झाडाचीच फांदी निवडतात.

हिवाळ्याच्या शेवटी ८ ते १५ सेंटिमीटरची कोवळी फांदी घेऊन तिच्या खालच्या सुया काढतात, टोक मूळ फुटवणाऱ्या संजीवकात बुडवतात आणि ओलसर वाळूत लावतात. मुळं धरायला काही महिने लागतात.

इतकं करूनही एक अडचण राहते. बाजूची आडवी फांदी लावली तर नवं झाडही बराच काळ आडवंच वाढू शकतं. आपण फांदी नसून आता खोड आहोत, हे जणू तिला उमगतच नाही.

मग कलम करतातच कशाला? कारण बियांपासून आलेली रोपं हुबेहूब आईसारखी नसतात. निळ्या स्प्रूसच्या बियांतून हिरवट रोपंही निघतात. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात १९०४ मध्ये एक बुटका, शंकूच्या आकाराचा पांढरा स्प्रूस सापडला. आज जगभरच्या बागांत दिसणारा 'ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस' छाट कलमांनीच पसरला. त्याला तुलनेनं सहज मुळं फुटतात.

निसर्गाचं दाब कलम

जमिनीला टेकलेल्या फांदीला स्प्रूस स्वतःच मुळं फोडतो. स्वीडनच्या दालार्ना प्रांतात 'ओल्ड चिक्को' नावाचा जेमतेम ५ मीटर उंच नॉर्वे स्प्रूस आहे. त्याच्याखाली सापडलेल्या जुन्या लाकडाचं वय सुमारे ९,५५० वर्षं निघालं. आज उभं असलेलं खोड काही शतकांचंच आहे. जुनं खोड मेलं की त्याच मुळांतून किंवा टेकलेल्या फांदीतून नवं उभं राहतं.

बागेतही हे जमतं. खालची फांदी जिवंत झाडावरच ठेवून मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा आणि दोन-तीन वर्षं थांबायचं.

महाराष्ट्रात स्प्रूस वाढेल का?

ऑनलाइन मागवलेलं बी फ्रिजच्या मदतीनं इथेही उगवू शकतं. पण स्प्रूसला दरवर्षी महिनोन्‌महिने थंडीची विश्रांती लागते. मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात ते रोप तग धरत नाही. जर्मनी किंवा कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना प्रयोग करायला हरकत नाही, फक्त रोप बारा महिने घराबाहेरच हवं. कुंडीतला स्प्रूस सणासाठी आत आणला, तर आठवड्या-दहा दिवसांत बाहेर न्यावा. हीटरच्या उबेनं त्याची हिवाळी झोप मोडते.

आपल्याकडच्या नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळणारं रोप बहुतेक वेळा अरोकेरिया असतं. ते मूळचं दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं, म्हणून इथल्या हवेत टिकतं. त्याचीही बाजूची फांदी लावली तर झाड आडवंच पसरतं. सरळ वाढणारं झाड हवं असेल तर बी किंवा शेंड्याचं कलमच लागतं.

घाई नको

लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात १९४७ पासून दरवर्षी ऑस्लो शहराकडून भेट आलेला नॉर्वे स्प्रूस उभा राहतो. त्या उंचीला पोहोचायला झाडाला साधारण ५० ते ६० वर्षं लागतात. घरी पेरलेलं बी गुडघ्याएवढं व्हायलाही काही वर्षं जातात. म्हणूनच सुरुवात चुकीच्या फांदीनं झाली, तर मोठं नुकसान वाया गेलेल्या वर्षांचं असतं.