चर्चगेट ते गार्डन गेट

चर्चगेट स्थानकावर उतरलेला माणूस रमतगमत चालला तरी पाऊण तासाच्या आत मंत्रालयाच्या दारात पोचतो. स्थानकाच्या नावातले ‘गेट’ मात्र त्याला वाटेत कुठेच दिसत नाही. मुंबईच्या इंग्रजी किल्ल्याला तीन मोठे दरवाजे होते: अपोलो गेट, बाजार गेट आणि चर्च गेट. सेंट थॉमस चर्चकडे नेणारा तो चर्च गेट. तो होता आजच्या हुतात्मा चौकात, फ्लोरा फाउंटनचे कारंजे जिथे उभे आहे त्या जागी. राज्यकर्त्यांचा कारभार तटाच्या आत चाले आणि आत कोणी, कधी यायचे हे दरवाजावरचा पहारा ठरवत असे.

तटाबाहेर एस्प्लनेड नावाचे विस्तीर्ण मैदान मुद्दाम मोकळे ठेवलेले होते. शत्रू चालून आला तर किल्ल्यावरच्या तोफांपुढे घरे-झाडे आडवी येऊ नयेत, यासाठी ही खबरदारी. पुढे 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी तट पाडले, शहर बाहेर पसरले, आणि त्या मोकळ्या पट्ट्याचे तुकडे उरले. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे ते तुकडे. मुंबईच्या पोरांना क्रिकेट खेळायला मिळालेली ही हिरवळ मुळात सरकारी सुरक्षेच्या एका नियमातून आलेली आहे.

तट गेल्यावर सरकारने ओव्हलच्या कडेला स्वतःसाठी नवी वास्तू बांधली. कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी आखलेले हे सचिवालय 1874 मध्ये पूर्ण झाले. लांबच लांब दगडी दर्शनी भाग, वर 170 फुटांचा मनोरा. आज तिथे शहर दिवाणी व सत्र न्यायालय भरते. या इमारतीला ना तट होता, ना खंदक. पण सामान्य रयतेने तिच्या पायऱ्या चढाव्यात, अशी त्या राजवटीची अपेक्षाही नव्हती. रयतेने अर्ज करायचा तो आपल्या मामलेदाराकडे, फार तर कलेक्टरकडे.

स्वातंत्र्यानंतर ही अपेक्षा उलटली. सरकार आपले, तर त्याच्या दारात जायचा हक्कही आपला, असे लोकांना वाटू लागले. आणि नेमक्या त्याच वळणावर, जुन्या दरवाजाच्या जागी, लोकांना पुन्हा अडवले गेले. 21 नोव्हेंबर 1955 रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेला मोर्चा विधिमंडळाकडे चालला होता. त्या वेळी विधानसभा भरत असे जुन्या काउन्सिल हॉलमध्ये, फ्लोरा फाउंटनपासून हाकेच्या अंतरावर. पोलिसांनी मोर्चा फाउंटनपाशी रोखला, लाठ्या चालल्या, मग गोळ्या. त्या दिवशी 15 जण गेले. आंदोलन संपेपर्यंत हुतात्म्यांची संख्या शंभरावर पोचली. चौकाला ‘हुतात्मा’ हे नाव मिळाले ते त्यांच्यामुळे. त्या जुन्या काउन्सिल हॉलमध्ये आता राज्याच्या पोलीस महासंचालकांचे मुख्यालय आहे.

यानंतर जवळपास चार दशकांनी, 23 नोव्हेंबर 1994 रोजी, नागपुरात हिवाळी अधिवेशनाच्या वेळी गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाच्या अलीकडे अडवला गेला. चेंगराचेंगरीत 114 माणसे मेली, त्यांत बायका आणि लेकरे कितीतरी. आतले कोणीतरी बाहेर येऊन निवेदन घेईल, एवढ्याच आशेवर ती माणसे दिवसभर उभी होती.

मुंबईत मोर्चे पूर्वी काळा घोड्यापर्यंत येत. तिथल्या रहिवाशांच्या संघटनेने आवाजाची आणि कोंडीची तक्रार न्यायालयात नेली. उच्च न्यायालयाच्या 1997 च्या आदेशानंतर आंदोलनांची जागा आझाद मैदानात ठरली. तोफांसाठी मोकळे राखलेले मैदान आता मोर्चांसाठी राखले गेले. मार्च 2018 मध्ये नाशिकहून सुमारे 180 किलोमीटर चालत आलेला किसान सभेचा लाँग मार्च इथेच थांबला. दहावीची परीक्षा सुरू होती. मुलांचा खोळंबा नको म्हणून पायाला फोड आलेल्या त्या माणसांनी शेवटचा टप्पा, शीवजवळच्या सोमय्या मैदानापासून आझाद मैदानापर्यंत, रात्रीच चालून काढला. त्यांचे शिष्टमंडळ विधानभवनात गेले आणि लेखी आश्वासन घेऊन परत आले. हजारोंसाठी दार बंद राहिले तरी बोलणी झाली, आणि ती बाहेर बसलेल्या हजारोंमुळेच झाली.

एकट्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याच्यामागे मोर्चा नसतो. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सातबारा, मोजणीचा नकाशा, आधी दिलेल्या अर्जांच्या झेरॉक्स आणि त्यांवरचे आवक शिक्के. तो जातो मादाम कामा रोडवरच्या मंत्रालयात. 1955 सालची ही इमारत आधी सचिवालयच म्हणवली जाई. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, 1975 मध्ये, तिचे ‘मंत्रालय’ झाले. सचिव कारभार चालवतात, पण ही जागा लोकांनी निवडून दिलेल्यांची, असे ते नाव सांगते. गावाकडचा माणूस ते शब्दशः घेतो. तालुक्याला काम झाले नाही, जिल्ह्याला झाले नाही, की तो म्हणतो, ‘आता मंत्रालयातच जातो.’

पहारा हवाच, याबद्दल दुमत नाही. 26 नोव्हेंबर 2008 रोजी हल्लेखोर ओबेरॉय-ट्रायडंटमध्ये घुसले. ते हॉटेल मंत्रालयापासून चालत काही मिनिटांवर आहे. 21 जून 2012 च्या आगीने मंत्रालयाचे चौथा, पाचवा आणि सहावा हे मजले गिळले. पाच जण दगावले, त्यांत कामासाठी आलेले बारामतीचे दोघे होते. कोण आत आहे, कुठल्या मजल्यावर आहे आणि बाहेर कसा पडणार, हे ठाऊक असणे ही आलेल्या माणसाच्याच जिवाची काळजी आहे.

पण 2018 च्या जानेवारीत प्रश्न निराळाच निघाला. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची जमीन वीज प्रकल्पासाठी गेली होती, मोबदला तुटपुंजा होता. हेलपाटे घालून थकल्यावर 22 जानेवारीला त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि 28 तारखेला जे. जे. रुग्णालयात प्राण सोडला. पाठोपाठ फेब्रुवारीत एकाने वरच्या मजल्यावरून उडी मारली, तोही गेला. मग इमारतीच्या मधल्या चौकात, पहिल्या मजल्याच्या उंचीवर, आडवी जाळी बांधली गेली.

सर्कशीत झुल्याखाली असते तशी ही जाळी. तिने जीव वाचवले, हे खरे आणि मोलाचे. पण वर्षभरात एकेक करून लोक तिच्यावर उड्या मारू लागले, घोषणा देऊ लागले, कागद भिरकावू लागले. 4 ऑक्टोबर 2024 रोजी तर खुद्द विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आदिवासी आरक्षणाच्या आणि पेसा कायद्यानुसारच्या भरतीच्या प्रश्नावर इतर आदिवासी आमदारांसह या जाळीवर उतरले. सभागृहात उच्चासनावर बसणाऱ्या माणसाला आपले म्हणणे ऐकवण्यासाठी जाळी गाठावी लागली. याहून स्पष्ट तक्रार कुठल्या अर्जात लिहिता येईल?

जाळी बांधणाऱ्यांचे लक्ष उडीवर होते. उडी मारणाऱ्याची फाईल कुठल्या टेबलावर किती महिने पडून होती, याची तेवढीच कसून झडती घ्यायला हवी होती.

2025 मध्ये मंत्रालयाच्या दारावर चेहरा ओळखणारी यंत्रणा आली आणि ‘डीजी प्रवेश’ हे ॲपही. आधारने नोंदणी करायची, विभाग निवडायचा, पास घ्यायचा. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याच्यासाठी मंत्रालयाच्या गार्डन गेटला मदतीची खिडकी आहे. पूर्वीच्या कागदी पासापेक्षा ही व्यवस्था नेटकी आहे. वशिल्याच्या चिठ्ठीवर आत सुटणाऱ्यांना आणि दिवसभर मजल्या-मजल्यांवर फिरणाऱ्या दलालांना तिने आळा बसत असेल, तर तिचे स्वागतच करावे.

अडचण आहे ती घड्याळाची. पाच दिवसांचा आठवडा सुरू झाल्यापासून मंत्रालय सकाळी पावणेदहाला उघडते आणि सव्वासहाला सुटते. सामान्य अभ्यागताला दार उघडते दुपारी दोननंतर. विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून आलेला माणूस सकाळीच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. नळावर तोंड धुतो, वडापाव खातो, चालत आझाद मैदानावरून, हुतात्मा चौकातून, ओव्हलच्या कडेने येतो आणि गार्डन गेटसमोरच्या फुटपाथवर पिशवी मांडीवर घेऊन बसतो. दोन वाजता रांग हलते. पिशवी यंत्रातून जाते, चेहरा कॅमेऱ्यापुढे धरायचा, पासावरचा मजला तेवढाच गाठायचा. टेबलापर्यंत पोचेस्तोवर तीन-साडेतीन होतात. साहेब बैठकीत असतात. परतीची विदर्भ संध्याकाळी सातच्या सुमारास सुटते, आणि तिचे तिकीट त्याने येतानाच काढलेले असते.