पेनिसिलिन आणि इस्पितळातील चिवट जंतू

औषधाने जंतूंना प्रतिकार शिकविला, असे सर्रास म्हटले जाते. आम्हांस ते पटत नाही. पेनिसिलिन नष्ट करणारे एन्झाइम अब्राहम व चेन यांना १९४० सालीच जंतूंत आढळले होते. औषध तेव्हा इस्पितळांत पोहोचलेही नव्हते. म्हणजे ते घडविणारा जनुक आधीचाच. पुढे लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात मेरी बार्बर यांनी रुग्णांच्या पुवातील स्टॅफिलोकॉकस जंतू तपासले. पेनिसिलिनला न जुमानणारे १९४६ साली शेकडा १४ होते, १९४८ साली ५९! दुबळे जंतू औषधाने मेले. चिवट तेवढे हातानाकांवाटे खाटेखाटेस पोहोचले. बार्बर यांनी तेथेच औषधांच्या वापरास आवर घातला, आणि चिवटांचे प्रमाण उतरल्याचे १९६० साली प्रसिद्ध केले. मात्र नव्या मेथिसिलिनलाही दाद न देणारे जंतू इंग्लंडातच सापडल्याचे १९६१ साली प्रसिद्ध झाले.