पाण्याला चिकटून उडणारं जहाज, आणि डिंभ्याचा प्रश्न

ज्यांना भाग ऐकायला वेळ नाही, किंवा एसटी घाटात शिरली की ज्यांची रेंज जाते, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलले तेच इथे आहे, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.

आजचा विषय एका श्रोत्याने दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या एअरो इंडिया प्रदर्शनात वॉटरफ्लाय टेक्नॉलॉजीज नावाचं, आयआयटी मद्रासमधून पुढे आलेलं स्टार्टअप चर्चेत आलं. पाण्यालगत उडणारं विजेवरचं वाहन, चेन्नई ते कोलकाता १६०० किलोमीटर, तिकीट ६०० रुपये, असा त्यांचा दावा. आनंद महिंद्रांनी त्यावर पोस्ट टाकली आणि मग रील्स सगळ्यांच्याच फोनवर फिरल्या. तर आंबेगाव तालुक्यातल्या एका पोराने मला विचारलं, "ताई, हे आपल्या डिंभ्यात चालेल का? पलीकडच्या वाड्यांना काही उपयोग?"

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तरासाठी आपल्याला आधी रशियात जावं लागणार आहे. चला.

पाणकावळ्याची युक्ती

येडगाव किंवा माणिकडोहच्या काठावर सकाळी उभे राहिलात तर पाणकावळे पाण्याला जवळजवळ घासून लांबवर जाताना दिसतील. पाण्यालगत उडताना त्यांना एक फायदा मिळतो.

पंख पुढे सरकतो तेव्हा त्याच्या खाली हवेचा दाब जास्त असतो आणि वर कमी. खालची हवा पंखाच्या टोकाला वळसा घालून वर पळायला बघते, आणि दोन्ही टोकांना भोवरे तयार होतात. हे भोवरे फुकट नाहीत बरं का. ते फिरवायला ताकद लागते आणि ती इंजिनाच्या इंधनातून, पक्ष्याच्या बाबतीत त्याने खाल्लेल्या माशांतून, येते. पण खाली पाणी किंवा जमीन अगदी जवळ असली, तर भोवऱ्याला फिरायला जागाच उरत नाही. शिवाय पंखाखालची हवा दाबली जाऊन एक गादी तयार होते.

आकडे बघा. पंखाची टोकापासून टोकापर्यंतची लांबी धरा. पंख तेवढ्याच उंचीवर असेल, तर भोवऱ्यांमुळे होणारा विरोध फक्त १.४ टक्के कमी होतो. उंची पाव पट केली तर २३.५ टक्के. एक दशांश केली तर तब्बल ४७.६ टक्के. म्हणजे सगळी मजा अगदी तळाशीच आहे. याला म्हणतात ग्राउंड इफेक्ट.

हॉवरक्राफ्टशी गल्लत करू नका. हॉवरक्राफ्ट पंख्याने खाली हवा भरतं, त्यामुळे ते जागच्या जागी उभं असतानाही तरंगतं. आपलं वाहन स्वतःच्या वेगातून गादी तयार करतं. वेग गेला की गादी गेली.

व्होल्गाकाठचा बोटवाला

रोस्तिस्लाव आलेक्सेयेव यांचा जन्म १९१६ चा. शिकले गॉर्की शहरात, ज्याला आज निझनी नोव्हगोरोद म्हणतात. १९४१ मध्ये पदवीच्या प्रकल्पासाठी त्यांनी विषय घेतला पाण्याखालच्या पंखांवर चालणाऱ्या बोटीचा. बोटीच्या पोटाखाली छोटे पंख लावायचे, वेग आला की ते पंख बोटीला पाण्याबाहेर उचलतात, आणि पाण्याचा विरोध एकदम घटतो. याला हायड्रोफॉइल म्हणतात.

यातून १९५७ मध्ये 'राकेता' ही प्रवासी बोट आली. गॉर्की ते कझान हे सुमारे ४२० किलोमीटर अंतर तिने ७ तासांत कापलं. पुढे राकेता आणि तिच्या बहिणी, मेतेओर, कोमेता, शेकड्यांनी बनल्या. नद्यांवरच्या लाल परीच म्हणा ना! १९६२ मध्ये आलेक्सेयेव यांना लेनिन पुरस्कार मिळाला.

पण त्यांना अजून वेग हवा होता, आणि तिथे पाणीच आडवं आलं. पाण्याखालचा पंख ताशी १०० किलोमीटरच्या आसपास गेला की त्याच्या वरच्या बाजूचा दाब इतका घसरतो, की पाणी थंड असूनही तिथे उकळतं. वाफेचे बुडबुडे होतात, फुटतात, पंखाची उचल बिघडते आणि धातूलाही खड्डे पडतात. मग आलेक्सेयेव यांनी विचार केला, पंख पाण्याखाली कशाला? बाहेरच काढू, पाण्याच्या अगदी वर ठेवू. १९६१ मध्ये पहिलं माणूस बसवलेलं मॉडेल धावलं. अशा वाहनाला रशियनमध्ये एक्रानोप्लान म्हणतात.

कॅस्पियनचा राक्षस

पाच वर्षांनी, १९६६ मध्ये, कॅस्पियन समुद्रावर जे आलं ते बघून अमेरिकेची झोप उडाली. लांबी ९२ मीटर, पंख साडेसदतीस मीटर, जास्तीत जास्त वजन ५४४ टन, आणि जेट इंजिनं किती? दहा! १९८८ मध्ये आन्तोनोव २२५ उडेपर्यंत यापेक्षा जड काहीही हवेत गेलं नव्हतं.

१९६७ मध्ये हे अमेरिकी हेरउपग्रहाच्या फोटोत दिसलं. बाजूला अक्षरं होती के आणि एम. अमेरिकेत त्याचं नाव पडलं कॅस्पियनचा राक्षस. प्रत्यक्षात केएम म्हणजे 'कोराब्ल-माकेत', नमुना-जहाज. एवढं साधं!

आता खरा इंजिनिअरिंगचा भाग. हा राक्षस असा का दिसतो, याची चार कारणं आहेत.

पहिलं, एवढा मोठा का? ग्राउंड इफेक्टची उंची पंखाच्या मापावर ठरते. पंख छोटा, तर मीटर-दीड मीटरवरच उडावं लागणार, आणि समुद्रात लाटाच त्याहून उंच. लाटांच्या वर राहून फायदा घ्यायचा तर यंत्रच अवाढव्य हवं.

दुसरं, दहा इंजिनं कशाला? एकदा उडाल्यावर थोडी ताकद पुरते. पण पाण्यातून सुटताना पाणी पोटाला धरून ठेवतं. म्हणून आठ इंजिनं पुढे, पंखाच्याही पुढे बसवली. उड्डाणाच्या वेळी त्यांचा झोत पंखाखाली वळवायचा, म्हणजे गादी लवकर तयार होते. एकदा सुटलं की ही इंजिनं बंद करून शेपटीवरच्या दोनांवर प्रवास. थोडक्यात, आठ इंजिनं मोठा भाग नुसतं ओझं म्हणून सोबत फिरायची.

तिसरं, एवढी उंच शेपटी का? पाण्याजवळ असताना उचल पंखाच्या साधारण मध्यावर लागते. वर गेलं की तो बिंदू पुढे सरकतो आणि नाक आपोआप वर उठायला लागतं. नाक उठलं की यंत्र अजून वर जातं, गादी सुटते, आणि मग कोसळायची भीती. ते आवरायला मोठी शेपटी लागते, तीही गादीच्या प्रभावाबाहेर, उंचावर. जर्मन अभियंते आलेक्झांडर लिपिश यांनी याच रोगावर वेगळं औषध काढलं. उलट्या त्रिकोणाचा पंख, ज्याने हा बिंदू कमी हलतो. पण तो छोट्या वाहनांवर.

चौथं कारण म्हणजे वळण, आणि हे लक्षात ठेवा, आपल्याला डिंभ्याला लागणार आहे. विमान वळताना एका बाजूला कलतं. केएमचा अर्धा पंख सुमारे १९ मीटर. १५ अंश कलला तर पंखाचं टोक ५ मीटर खाली येतं. उडायची उंचीच काही मीटर, मग टोक पाण्यात नाही का जाणार? आणि १५ अंश कलूनसुद्धा ताशी ४३० किलोमीटर वेगाला वळणाची त्रिज्या येते साडेपाच किलोमीटरच्या जवळपास. समोर मच्छीमाराची होडी आली तर पटकन बाजूला होणं विसराच.

शेवट काय झाला?

धाकटं भावंड 'ओर्ल्योनोक' १४० टनांचं होतं. चाचणीत एकाची मागची बाजू पाण्यावर आपटून तुटली. आत आलेक्सेयेव होते. त्यांनी स्वतः नियंत्रण हातात घेतलं, पुढची इंजिनं पूर्ण ताकदीने चालवली आणि उरलेलं यंत्र किनाऱ्याला आणलं. माणसं वाचली. बक्षीस काय मिळालं? प्रमुखपद गेलं. फेब्रुवारी १९८० मध्ये ते वारले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केएमला अपघात झाला आणि तो कॅस्पियनमध्ये बुडाला. माणसं वाचली, पण यंत्र इतकं जड की वर काढता आलं नाही.

नंतर क्षेपणास्त्रं वाहणारं 'लून' नौदलात आलं, तेही एकच. सोव्हिएत संघ संपल्यावर ते कास्पिस्कला गंजत पडलं. २०२० च्या जुलैअखेरीस ते ओढून देर्बेंतला नेलं, आता लोक तिथे जाऊन फोटो काढतात.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? एकाच माणसाने दोन गोष्टी बनवल्या. राकेतेत बसून कामगार कामावर गेले, बाया माहेरी गेल्या. राक्षस मात्र ज्या जनतेच्या पैशातून बनला, तिला तो कित्येक वर्षं माहीतही नव्हता. हुशारी तीच, हात तेच. फरक एवढाच की पहिल्या वेळी काम प्रवाशांसाठी होतं आणि दुसऱ्या वेळी लष्करासाठी.

मग डिंभ्याचं काय?

ही कल्पना मेलेली नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००२ मध्ये अशा वाहनांसाठी मार्गदर्शक नियम काढले. कायम गादीवरच राहणारी, थोडा वेळ १५० मीटरपर्यंत उडी मारू शकणारी, आणि त्याहून वर जाणारी, असे तीन गट केले. अमेरिकेतल्या रीजेंट कंपनीने २०२५ मध्ये १२ प्रवाशांच्या विजेवरच्या सीग्लायडरच्या पाण्यावरच्या चाचण्या सुरू केल्या. गंमत म्हणजे त्यात आलेक्सेयेव यांच्या दोन्ही कल्पना आहेत, आधी हायड्रोफॉइल आणि मग गादी. ६०० रुपयांचा आकडा मात्र आत्ता दावा म्हणूनच ऐका. बंगालच्या उपसागराच्या लाटांवरून रोज सुटून दाखवणं ही खरी परीक्षा.

आता आपलं पाणी. डिंभे म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागर, घोड नदीवरचं धरण. ज्या आंबेगावचं नाव तालुक्याला आहे, ते मूळ गाव याच पाण्याखाली गेलं. पाणी आलं तेव्हा वाटा बुडाल्या, आणि पलीकडच्या आदिवासी वाड्यांसाठी जवळचं लांब झालं. म्हणून त्या पोराचा प्रश्न मला हसण्यावारी न्यायचा नाही.

समजा १२ मीटर पंखाचं छोटं वाहन आणलं, वेग ताशी १५० किलोमीटर. १५ अंश कलून वळायला त्रिज्या येते ६६० मीटर. म्हणजे मागे फिरायचं तर सव्वा किलोमीटरहून जास्त रुंद मोकळं पाणी पाहिजे. आणि पंखाचं टोक दीड मीटर खाली येणार, ते वेगळंच. डिंभ्याचं पाणी डोंगरांच्या फाट्यांमधून वळणावळणाने आत शिरलेलं. उन्हाळ्यात ते ओसरतं आणि बुडालेलं पुन्हा वर येतं. त्यात दर दोन-तीन किलोमीटरवर वाडी. प्रत्येक थांब्यावर पुन्हा पाण्यातून सुटायचं, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त ताकद लागते तेच काम सारखं सारखं.

म्हणून माझं उत्तर, नाही चालणार. लांब, सरळ, मोकळ्या समुद्रासाठी हे यंत्र आहे. वाड्यांना हवी ती लाइफ जॅकेटसकट, वेळेवर सुटणारी साधी मोटरबोट, चढउताराला नीट धक्का, आणि जमेल तिथे पूल आणि रस्ता. दुखणं आलेल्या बाईला पलीकडे न्यायला ताशी १५० चा वेग लागत नाही. रात्री दोन वाजता बोट आणि बोटवाला जागेवर असावा लागतो.

याचा अर्थ मोठी स्वप्नं बघू नका, असा नाही हं. आपल्या जुन्नर तालुक्यातच खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी. एवढी थाळी पत्र्याची केली असती तर वाऱ्याने ढकललीच असती, आणि ती तोलायला प्रचंड लोखंड लागलं असतं. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थाळीला ताणलेल्या दोरांवर तारेची जाळी लावली. वारा आरपार जातो आणि रेडिओ लहरी मात्र परततात. वजन घटलं, खर्च घटला. त्यांना दुर्बीण कुठे उभी राहणार, किती पैशात आणि कशासाठी, हे आधी माहीत होतं.

तेव्हा पुढच्या वेळी अशी रील आली की तीन गोष्टी विचारा. लाटा किती असतील? वळायला जागा किती? आणि सुटायला ताकद किती? मग चौथी, सगळ्यात महत्त्वाची: यात बसणार कोण?

तुमच्या गावाजवळ धरणातून बोटीने ये-जा होत असेल तर तिची वेळ, भाडं आणि अडचण मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढचा भाग त्यावरच करू. भेटूया!