बचत गटाचं मूळ: एक फुटलेली सोसायटी

बचत गट म्हटलं की आपल्याला पापड-लोणची आठवतात. त्याआधीची गोष्ट मात्र बंगळुरूच्या एका संस्थेची आहे.

मायराडा ही संस्था १९६८ साली सुरू झाली ती तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी. पुढे ती कर्नाटकातल्या गरीब शेतकरी-मजुरांकडे वळली. पद्धत नेहमीचीच होती. मोठी सहकारी सोसायटी काढायची आणि तिच्यातून कर्ज द्यायचं. मग व्हायचं तेच झालं. पुढारी म्हणेल ती पूर्व दिशा, आणि सोसायट्या फुटू लागल्या.

१९८४-८५च्या सुमारास सभासदांचे छोटे छोटे घोळके संस्थेकडे आले. घेतलेलं कर्ज फेडतो म्हणाले, पण सोसायटीत भरणार नाही, तुमच्याकडे भरतो. संस्थेने सांगितलं, आमच्याकडे कशाला? तुमच्याच गटात भरा! मला विचाराल तर सगळा इतिहास या एका उत्तरात आहे. हे लोक एकमेकांना ओळखून होते, म्हणून पैसा टिकला.

मग ठरलेल्या दिवशी बैठक, थोडी बचत, वहीत नोंद आणि त्याच पैशातून कर्ज. पोराचं आजारपण, संपलेलं धान्य, घरातलं लग्न, अशा कामांना बँक दारात उभी करत नव्हती. सावकार करायचा आणि व्याजात घर धुऊन न्यायचा. इथे गरज खरी की खोटी हे शेजारीच ठरवायचे.

तेव्हा संस्थेची धुरा ॲलॉयसियस फर्नांडिस यांच्याकडे होती. १९८७ साली नाबार्डने या प्रयोगाला १० लाख रुपये दिले. १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडायचा पथदर्शी कार्यक्रम आला. बँकांच्या घशाखाली उतरायला कठीण अशा तीन गोष्टी त्यात होत्या: गटाची नोंदणी नको, तारण नको आणि कर्ज माणसाला नाही, गटाला. गटात २० पेक्षा जास्त माणसं नसतात, त्याचं कारणही तेव्हाच्या कायद्यातच होतं. त्याहून मोठा झाला की तेव्हा नोंदणी करावी लागायची. आपल्याकडे माविमने १९९४पासून हेच गट गावोगाव नेले.

आणि त्याच कर्नाटकात २०२५च्या फेब्रुवारीत मायक्रोफायनान्सच्या वसुलीच्या जाचाविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. तिथेही बायकांचे गटच असतात. फक्त पैसा त्यांच्या बचतीचा नसतो, आणि हप्ता कंपनी ठरवते.