मुंबईची चांदी, साउथहॅम्प्टनचा धक्का

नाणी जमवणाऱ्यांत दोन जाती असतात. एक, दुर्मिळ सालाच्या मागे धावणारी. दुसरी, साधंच नाणं पण ठसा सुबक उठलेला हवा, असा हट्ट धरणारी. मी दुसऱ्या जातीतला. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्याला हातात घेता येईल, वजन लागेल असं काहीतरी हवंसं वाटतं, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली चांदीची ब्रिटिश नाणी इथे अजून खिशाला परवडतात.

त्या काळचा हाफ-क्राऊन म्हणजे 14.14 ग्रॅमचा. पण चांदी त्यात निम्मीच! पहिल्या महायुद्धानंतर चांदीचे भाव इतके चढले की 1920 साली साहेबाने नाण्यांतली चांदी 92.5 टक्क्यांवरून 50 वर आणली. 1947 पासून तर तीही गेली, आणि तांबं-निकेल आलं. कारण ऐकण्यासारखं आहे. युद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली सुमारे 8.8 कोटी औंस चांदी परत करायची होती. ती आणायची कुठून? लोकांच्या खिशातल्या नाण्यांतून!

आपल्याकडे हेच नाटक जरा आधी घडलं. रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, 11.66 ग्रॅम, आणि त्यातली चांदी जवळजवळ 92 टक्के. 1940 मध्ये फ्रान्स पडल्यावर लोकांनी रुपये घरात दडवायला सुरुवात केली (आपल्या आज्यांचा कागदापेक्षा धातूवर विश्वास!). ऑगस्टमध्ये सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली. त्याच वर्षी रुपयातली चांदी निम्म्यावर आली, उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. अशा हलक्या धातूची नक्कल करणं सोपं, म्हणून कडेच्या दात्यांमधून एक खाच फिरवली. तुमच्या घरी सहाव्या जॉर्जचा रुपया असेल तर कडेला नख लावून बघा, खाच लागली तर तो युद्धातला. वाघाचं चित्र असेल आणि लोहचुंबकाला चिकटला तर 1947 चा, शुद्ध निकेलचा.

मुंबईच्या फोर्टातली टांकसाळ त्या वर्षांत जोरात चालू होती. घाईचं काम असल्यामुळे असेल, पण नीट उठलेल्या ठशाचा रुपया शोधावा लागतो. मी आधी राजाच्या मुकुटावरचं नक्षीकाम बघतो. तिथे दाब कमी पडलेला असतो, आणि पुष्कळ जण त्यालाच झीज समजतात. ब्रिटिश नाण्यांवर हाच राजा बोडक्या डोक्याने बसलाय. मुकुट हिंदुस्थानी नाण्यांवर! तिथे बघायचे ते कानावरचे केस आणि मागच्या बाजूची ढाल.

पण मला सांगायचंय ते न पाडलेल्या नाण्यांबद्दल.

20 नोव्हेंबर 1942 रोजी ब्रिटिश इंडिया कंपनीची 'तिलावा' ही बोट मुंबईहून आफ्रिकेला निघाली. बोटीवर 958 माणसं. त्यात 732 उतारू, बहुतेक पोटापाण्यासाठी पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेला निघालेले आपले हिंदी लोक, बायकामुलांसह. आणि तळाशी चांदीच्या 2,364 विटा. त्या दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने विकत घेतलेल्या, मुख्यतः नाणी पाडण्यासाठी. दक्षिण आफ्रिकेची नाणी तेव्हाही 80 टक्के चांदीची होती, म्हणजे खुद्द साहेबाच्या नाण्यांपेक्षा सरस.

23 तारखेला पहाटे आय-29 या जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, आणि थोड्या वेळाने दुसरा. 280 माणसं गेली. वाचलेल्या 678 जणांपैकी जवळजवळ सगळ्यांना एच.एम.एस. बर्मिंगहॅम या युद्धनौकेने उचललं आणि 27 तारखेला मुंबईला परत आणलं. इतिहास किती विचित्र बघा, पुढच्याच एप्रिलमध्ये मादागास्करजवळ जर्मन पाणबुडीतून नेताजी सुभाषबाबूंना उतरवून घेणारी पाणबुडी हीच, आय-29!

चांदी समुद्रात सुमारे अडीच किलोमीटर खोल पडून राहिली, तब्बल पंचाहत्तर वर्षं. 2017 साली 'अर्जेंटम एक्सप्लोरेशन' या ब्रिटिश कंपनीने त्या विटा वर काढल्या आणि आणल्या कुठे, तर आमच्या साउथहॅम्प्टनला! बुडालेल्या मालाची नोंद घेणारा 'रिसीव्हर ऑफ रेक' हा सरकारी अधिकारी इथेच बसतो. टायटॅनिक ज्या बंदरातून सुटली तिथे 'हिंदी टायटॅनिक' म्हणवणाऱ्या बोटीची चांदी उतरली, आणि आम्हा गावकऱ्यांना पत्ताच नाही.

मग सुरू झाला खटला. अंदाजे 4.3 कोटी डॉलरची चांदी. कंपनी म्हणे, आम्ही वाचवली, मोबदला द्या. दक्षिण आफ्रिका म्हणे, माल सरकारचा, आमच्यावर इथल्या कोर्टात दावाच चालत नाही. प्रश्न असा उरला की बुडाली तेव्हा ती चांदी 'व्यापारी वापरात' होती का? खालच्या दोन्ही कोर्टांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला. सुप्रीम कोर्टाने 8 मे 2024 रोजी तो एकमताने फिरवला. बोटीच्या पोटात नुसता पडलेला माल कसल्या वापरात असतो? मला तरी हे पटतं. गंमत म्हणजे दोन्ही पक्षांनी त्याआधीच आपापसात तडजोड केली होती, तरी कोर्टाने निकाल दिलाच.

विटांच्या मालकीचा इतका कीस निघाला, पण ज्यांची माणसं गेली ते या खटल्यात पक्षकार नव्हते. कायद्याच्या दृष्टीने त्यांचा त्या चांदीशी संबंधच नाही. त्यांच्या घरांतून 23 नोव्हेंबर ही तारीख अजून पाळली जाते. टायटॅनिकचं स्मारक इथल्या बागेत आहे, रोज फोटो निघतात. 'तिलावा'चं नाव मात्र इथे जन्मलेल्या आपल्या मुलांनी ऐकलेलं नसतं.

माझ्याकडे 1943 चा दक्षिण आफ्रिकेचा एक शिलिंग आहे, ठसा अगदी कोरीव. तो पाडायला चांदी दुसरीकडून आली असणार. मी तो मुंबईच्या रुपयाशेजारी ठेवलाय.