नाणे सापडले, पण कुठे?

रहिमतपूरच्या शिवारात नांगराला जुनी नाणी लागली, तर आपण आधी काय करू? बहुधा घासून लख्ख करू!

१९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला खणताना कांस्याच्या चार वस्तू मिळाल्या : बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा. एकूण वजन ६० किलोंहून अधिक! पण त्या कोणत्या थरातून निघाल्या, याची नोंद तेव्हा झाली नाही. पुढे तेथे उत्खनन होऊनही त्यांच्या काळाविषयी मतभेद राहिले. पृथक्करणाने आपल्याला धातूतले घटक कळतात. काळ ठरवायला थर लागतो.

१८७८ चा निखात निधी कायदाही १० रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना स्थळ व तारीख लेखी कळवायला सांगतो. तेव्हा घासण्याआधी खणणे थांबवू. गट क्रमांक, खोली, तारीख टिपू.